काळी आणि पिवळी

पूर्वी कुडाळात एकदाच नोंदली गेलेली फुलमाशी आपल्यालाच पुन्हा सापडली, यावरून नलिनी शेवडे आणि इक्बाल मुकादम यांचं बिनसलं. तिच्या फोटोतली माशी पिवळी, त्यांच्या फोटोतली काळी. पुस्तकातलं वर्णन दोन्ही माश्यांना थोडं थोडं लागू पडत होतं. "तुमची ती साधी गटारावरची माशी आहे," असं नलिनी कीटक पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहून बसली. मुकादम ग्रुपमधून बाहेर पडले. इतकी वर्षं बरोबरीने रानं तुडवलेली दोन माणसं बोलेनाशी झाली.

एका सकाळी अंगणातल्या तुळशीच्या मंजिरीवर तिला दोन्ही माश्या दिसल्या. काळी पिवळीच्या पाठीवर होती. तिने फोटो काढून मोठा केला. काळीचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले, म्हणजे तो नर. पिवळीच्या डोळ्यांमध्ये फट, म्हणजे मादी. जोडपंच होतं ते. मुकादमांना फक्त नर मिळाला होता आणि तिला फक्त मादी. एरवी पहिल्यांदा हेच तपासणाऱ्या दोघांनाही भांडणाच्या भरात ते सुचलं नव्हतं.

फोटो पाठवून तिने फोन लावला.

"मुकादम, मी फार वाईट बोलले तुम्हाला. जात एकच आहे. फोटो बघा."

मुकादमांनी फोटो उघडून मोठा करून पाहिला.

"बाई, अजून आहेत तिथे?"

"आहेत."

"हुसकू नका त्यांना. मी स्कूटर काढतो."

फाटकाशी स्कूटर थांबेपर्यंत नलिनी उन्हात जागची हलली नाही.