काच कापताना

काच कापताना दुकानात कुणी बोलायचं नाही, असा फ्रेमवाल्याचा नियम होता. मग गिऱ्हाईक असो, नाहीतर बायको. म्हणून त्याची मुलगी हातात कागद धरून गप्प उभी राहिली. दिवसातली शेवटची काच होती. त्याने पट्टी दाबली, काच कापायची हिरकणी एका दमात ओढली आणि काच टेबलाच्या कडेला टेकवून हलकेच दाबली. टक्कन आवाज झाला. नियम संपला.

"बोला मॅडम."

"हिशेब केला, बाबा. नाही जमत. मी जाणार नाही."

उद्योजकतेच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता. फी नऊ लाख, आणि भरायला उद्याचा एकच दिवस उरला होता. बँकेत नऊ लाख होते, पण ते शेजारचा गाळा घ्यायला साठवलेले. फ्रेमवाल्याने गाळ्यावर पाणी सोडायचं ठरवलं होतं आणि गेला आठवडाभर तो स्वतःच्या मोठ्या मनावर जरा खूशच होता.

त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि कागद घेतला. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला फायदा. फायद्याची बाजू बरीच रिकामी होती.

"तिथून शिकून बाहेर पडलेल्या सतरा जणांना विचारलं," ती म्हणाली. "नऊ जण नोकरी करतात."

"धंदा शिकून नोकरी?"

"चांगली नोकरी, बाबा."

"आणि बाकीचे आठ?"

"तिघांचं बरं चाललंय. दोघांचं बुडालं. तिघं अजून विचार करतायत."

"विचार करायला नऊ लाख लागतात होय! मी तर फुकट करतो." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "तुला जायचंय का?"

"जायचंय. पण त्याचा आकडा कुठे लिहू?"

तो खर्चाची बाजू वाचू लागला. फी, प्रवास, पुस्तकं. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, मदतनीस, महिना नऊ हजार.

"हा कोण?"

"माझ्या जागी. दोन वर्षं कुणीतरी लागेलच ना तुम्हाला."

कामाच्या बाबतीत फ्रेमवाला अर्धा मिलिमीटरही सोडणारा नव्हता. "नऊ हजारांत नवशिका येतो. तो निम्म्या काचा फोडून ठेवेल. मला काच कापणारा माणूस पाहिजे, कोपरे जोडणारा पाहिजे, कुठल्या चित्राला कुठली फ्रेमची पट्टी शोभते ते गिऱ्हाइकाला गोडीत सांगणारा पाहिजे. सकाळी माझ्याआधी येऊन दुकान उघडणारा. अठरा लिही. त्याच्या खाली असा माणूस मिळत नाही."

तिने नऊ खोडून अठरा लिहिले. "बघा. आणखीच बिघडला हिशेब."

तो त्या अठराकडे बघत राहिला.

"किती वर्षं झाली गं तुला दुकानात?"

"बारावी झाल्यापासून. सहा."

"पूर्ण दिवस?"

"हो. कॉलेज बाहेरूनच केलं की."

त्याने कानावरची पेन्सिल काढली. फ्रेमचं माप मांडायचा तसं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मांडलं. बहात्तर महिने, गुणिले अठरा हजार. बारा लाख शहाण्णव हजार आले. पुन्हा करून पाहिलं. तेवढेच.

"आम्ही तुला पगार कधी दिलाच नाही."

"घरच्या दुकानात कसला पगार? जेवूखाऊ घालता की."

"ते तर तू शाळेत होतीस तेव्हाही घालत होतो."

ती अगदी सहज बोलली होती, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. आपण मुलीला देणार म्हणून आठवडाभर मिरवत होतो, ते तिचंच होतं. त्याला लाज वाटली.

त्याने पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक कोरा तुकडा घेतला. चारही बाजूंना बोटभर जागा सोडून जाड पेनाने, घोटीव अक्षरात लिहिलं, 'मदतनीस पाहिजे. काच कापता आली पाहिजे. पगार महिना अठरा हजार.' आणि तो दाराच्या काचेला आतून चिकटवला.

"अठरा कशाला?" मुलगी म्हणाली. "पंधरात मिळेल कुणीतरी. मी शोधते."

"मिळेल. पण जागा अठराची आहे."

"अहो बाबा, पण तो गाळा..."

त्याने रॅकमधून एक काच ओढली, टेबलावर आडवी टाकली, पट्टी ठेवली आणि हिरकणी उचलली. मुलगी गप्प झाली. नियम म्हणजे नियम.

आजची सगळी कामं मघाशीच उरकली होती. तरी तो तिच्याकडे पाठ करून काच कापत राहिला, एकेक पट्टी, सावकाश.