तेराव्याच्या पानावरचा ब्रेड

मक्याच्या पिठाचा डबा लाकडांच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेला सापडला, तेव्हा रसिकाला सासूचा संताप आला. पीठ संपलं म्हणून यमुनाबाईने तिला तीनदा परतवलं होतं. मुलाची आठवण म्हणून लपवलं असणार. जशी काही आठवण फक्त आईलाच येते!

अभयच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. दोन तास सगळे उन्हात ताटकळले आणि अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा लागला. तेव्हापासून भावकीत कुजबूज सुरू होती. नवरा सहा वर्षांनी अमेरिकेतून येतो काय, पाचव्या दिवशी जातो काय. बायकोनेच मन मोडलं असणार! डॉक्टरांनी हार्ट अटॅक असं लिहून दिलं होतं, पण लोकांची तोंडं कोण धरणार? यमुनाबाई तर सुनेच्या नजरेला नजरही देत नव्हती.

आज तेरावं. आज कावळा शिवायलाच हवा होता.

अभयची इच्छा कशात अडकली असेल, ते रसिकाला पक्कं ठाऊक होतं. तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका हॉटेलात तो आचारी होता आणि तिथला मक्याचा ब्रेड म्हणजे त्याचा जीव की प्राण. हे पीठ त्यानेच मित्राबरोबर पाठवलेलं, वर्षभर घरात कुणी हात लावला नव्हता. गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने त्याला याच पिठाचा ब्रेड करून घातला. तिचा गुरुवारचा उपास, सासू पूर्णगडला लेकीकडे. सगळा त्याने एकट्यानेच संपवला.

तिने पीठ ताकात भिजवलं, अंडं फोडलं. तेराव्याला अंडं चालतं का, हे कुणाला विचारलंच नाही. साखर नाही; साखर घातली की तो केक होतो, असं अभय बजावायचा. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवून तिने तूप सोडलं, पीठ ओतलं. वर झाकण आणि झाकणावर निखारे, काकडीचं धोंडस भाजताना ठेवतात तसे.

घरापुढच्या खळ्याच्या कडेला पान वाढलेलं होतं. धाकटा दीर प्रथमेश कावळ्यांना हाका घालून दमला होता. माडावरचे तीन कावळे वड्यांकडे ढुंकूनही बघेनात. रसिकाने पुढे होऊन पिवळा तुकडा पानावर ठेवला.

"ह्ये काय?" यमुनाबाईने विचारलं.

"त्यांचा ब्रेड. डबा सापडला मला, आई."

सासूचा चेहरा पांढराफटक पडला. "उचल त्ये."

"का? तुमच्या मुलाला मोकळं व्हायला नको?"

"सांगत्ये ना, उचल!"

"आज नाही ऐकणार."

तेवढ्यात कावळा उतरला. मान वाकडी करून त्याने तुकड्याकडे पाहिलं आणि चोच मारली.

"शिवला!" प्रथमेश ओरडला. भावकीचे हात जोडले गेले. रसिकाला रडू फुटलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं.

यमुनाबाई मात्र पदर झाडत पानाकडे धावली.

"हाकला त्येला! उंदरांसाठी औषद मिसळून ठेवलेलं पीठ हाय त्ये. त्यो पन मरंल!"