पुसलेल्या मेसेजचे दोन गठ्ठे

ग्रंथपालबाईंचं बोट 'काढून टाका'वर टेकणार, एवढ्यात दाराची बेल वाजली. दारात तीच उभी होती, जिला ॲडमिन म्हणून बाईंना कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढायचं होतं. मागच्या गल्लीतली शिवणवाली. माप घ्यायची टेप गळ्यात तशीच लोंबत होती.

"बाई, माझी सगळी गिऱ्हाइकं त्या ग्रुपवर आहेत. काढलंत तर मशीन बंद पडेल माझं," ती म्हणाली. "आणि मी असं लिहिलं तरी काय? गटाराचं झाकण तुटलंय, एवढंच ना?"

"नियम म्हणजे नियम. तीन मेसेज पुसले गेले की माणूस बाहेर. मी काही तोंड बघून पुसत नाही," बाई फणकारल्या. "बस, पुरावाच दाखवते."

पुरावा खरंच होता. वाचनालयातलं पुस्तक बाद करताना कार्ड लिहायचं, ही बाईंची तीस वर्षांची सवय. निवृत्त झाल्या तरी हात काही ऐकत नव्हता. ग्रुपवरचा मेसेज पुसण्याआधी त्या तो कार्डावर उतरवून घ्यायच्या. कुणाचा, कुठल्या घरातला, का पुसला. त्यावरून नवरा त्यांची यथेच्छ टिंगल करायचा.

बाईंनी कार्डांचा लाकडी खण टेबलावर आणून आदळला आणि घरांप्रमाणे कार्डं लावायला घेतली. पुढची गल्ली इकडे, मागची तिकडे. इकडे चार कार्डं झाली. तिकडचा गठ्ठा वाढत वाढत शेवटी कलंडला.

बाईंनी चष्मा पुसला. वरचं कार्ड उचललं. 'गटाराचं झाकण तुटलंय. कारण : सतत तक्रारीचा सूर.' मग त्या मोबाईलवर मागे मागे जात राहिल्या. पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी अगदी हेच लिहिलं होतं. त्याखाली बाईंचाच मेसेज होता, 'लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.'

त्यांची कानशिलं तापली. आपण ठरवून काहीच केलं नव्हतं, हेच त्यांना जास्त लागलं.

शिवणवाली खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती. बाईंनी एकेका कार्डाचा फोटो काढला आणि सगळे ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'हे सगळं मी पुसलं होतं. चुकले.' मग तिथेच शिवणवालीला ॲडमिन केलं.

"आता तूही ॲडमिन आहेस. नियम म्हणजे नियम. मला काढ."

शिवणवालीने आपला मोबाईल काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग सांडलेली कार्डं गोळा करून नीट खणात लावायला लागली.

"छे हो बाई, तुम्हीच राहा. दुसरं कुणी आलं तर तेही पुसेलच की. पण तुमच्यासारखं लिहून कुठे ठेवणार?"