श्वास गाळणारं यंत्र

पातेल्याचं झाकण खडखडलं. ओदिलने कंद शिजलेत का ते पाहिलं आणि ती पुन्हा लेकीसमोर येऊन बसली.

त्यांच्या मारे नावाच्या बेटावर हंगामाचा पहिला कंद आजोबांपुढे ठेवताना घरातलं मूल पूर्वजांची नावं तिथल्या नेंगोने भाषेत म्हणतं. उद्याची पाळी सहा वर्षांच्या नोएलीची होती.

"पुन्हा म्हण. आधी नाकातून नुसता श्वास, मग म."

"म," नोएली म्हणाली.

"अशानं आजोबा विचारतील, ही कुणाच्या घरची पाहुणी?"

"मी तुझ्यासारखंच म्हणतेय की!"

ओदिलने तिचा तळवा आपल्या नाकाशी धरला आणि पणजोबांचं नाव उच्चारलं. नोएली खिदळली. "वारा लागला! पण तू फुंकर का मारतेस? मला तर नुसता म ऐकू आला."

ओदिलचा हात तिच्या कानामागच्या बारीक वणावर गेला. आता सगळ्याच बाळांच्या कानात यंत्र बसवत. ते गोंगाट गाळून टाकायचं, बाळं निवांत झोपायची. श्वासाचे आवाजही त्याने गोंगाटातच धरले होते. यंत्र आता हाडात रुजलं होतं, काढता येत नव्हतं. ते बसवायला तान्ह्या नोएलीचा नंबर लवकर लागावा म्हणून ओदिल पहाटेपासून रांगेत उभी राहिली होती.

"तुझ्या कानातलं यंत्र तो आवाज टाकून देतं गं, राणी."

नोएली हसायची थांबली. तिने स्वतःच्या कानाला हळूच हात लावला.

"आई, मग मला आणखी काय काय ऐकू येत नाही?"