हातचा एक

शिंप्याने दुकानात उभ्या उभ्या तळहातावर पेनने बेरीज मांडली. चाकांची खुर्ची नऊ हजार आठशे पन्नास, पाठीची गादी बाराशे पंचाहत्तर, घरपोच करायचे चारशे. जवळ होते मोजून बारा हजार.

बेरीज आली बारा हजार पाचशे पंचवीस.

"गादी राहू द्या," तो दुकानदाराला म्हणाला.

"काका, काकूंना दिवसभर बसायचंय. गादीशिवाय पाठीची वाट लागेल."

"मग घरपोच नको. मीच ढकलत नेईन." पण चारशे वजा करूनही सव्वाशे कमीच पडत होते. त्याचा चेहरा उतरला.

बायको त्याच खुर्चीत बसली होती. झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि शब्द दगा द्यायचे. पाणी मागायला जायची, तोंडून 'खिडकी' निघायचं. तिला कितपत कळतंय, डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. त्यामुळे शिंपी तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचा.

तिने डाव्या हाताने त्याचं मनगट ओढलं.

"कंटाळलीस होय? निघूच हं आता."

तिने मनगट सोडलं नाही. तळहात उलगडून ती आकड्यांवरून बोट फिरवू लागली, उजवीकडून डावीकडे. एका जागी बोट थांबलं.

"हातचा," ती म्हणाली. जीभ अडखळली. "एक. दोन... नाही."

शिंप्याने पुन्हा पाहिलं. आठ, दोन आणि चार, चौदा. आधीचा एक धरून पंधरा. हातचा एक. तो घाईत दोन धरून बसला होता.

दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले. "काकूंचं बरोबर आहे. अकरा हजार पाचशे पंचवीस. सगळं बसतंय, वर पावणेपाचशे उरतायत!"

शिंपी मटकन स्टुलावर बसला. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. दुकानदाराला वाटलं, गादी मिळाली म्हणून.

शिंप्याने खिशातलं पुडकं काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "तूच दे."

डाव्या अंगठ्याने एकेक नोट सारत ती सावकाश मोजू लागली. मध्येच तिने मान वर केली. नवरा अजून तिच्याकडेच टक लावून बसला होता.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "गादीची... शिवण तपासा."