साहेबांचा खुराक

साहेब पुन्हा दांडीवरून पडले.

पाय वाकडे, मान कललेली. पक्ष्यांच्या दवाखान्यातल्या सगळ्यात रुबाबदार पेशंटची ही अवस्था! मावशींनी हातातला पाइप तसाच वाहता टाकला आणि त्या पिंजऱ्यात धावल्या. "अहो साहेब, हे काय? उद्या उडायचंय ना तुम्हाला?"

साहेब म्हणजे मोडका पंख घेऊन आलेला मासेखाऊ गरुड. पंख केव्हाच जुळला होता. डॉक्टर तर मागच्याच आठवड्यात म्हणाले होते, सोडून देऊ. मावशीच आडव्या आल्या. "हाडं मोजून घ्या साहेबांची! जरा अंगावर मांस तर धरू दे." मग त्यांनी खुराकाचं फारच मनावर घेतलं. फ्रीजरमधले बर्फाळ मासे म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं त्यांचं ठाम मत. येता-जाता तळ्याकाठी, विजेच्या तारांखाली, चांदवे मरून पडलेले दिसायचे. काळीभोर, गुबगुबीत पाखरं, कपाळावर पांढरा ठिपका. तारेला धडकली असणार बिचारी! इतकं ताजं मांस वाया कशाला घालवायचं? साहेब असे काही भरले, की मावशी येईल त्याला पिंजऱ्यापाशी ओढून नेत. "बघा, माझ्या हाताचा गुण!"

डॉक्टर आले ते चिखलाच्या बुटांनीच. हातात पाणगवताची ओली जुडी.

"मावशी, उद्याचं सोडणं रद्द. तळ्यावर पक्षी मरतायत."

त्यांनी एक पान उलटं केलं. खाली काळपट डाग.

"हे गवत आपल्याकडचं नाही. कुणीतरी घरातली माशांची टाकी तळ्यात ओतली आणि हे माजलं. पानांखाली हे जंतू वाढतात, विष तयार करतात. चांदवे गवत खातात आणि विष थेट मेंदूत. मग ना पोहता येत, ना उडता."

"म्हणजे... तारेला धडकून नाही मेले?"

"तारेचा काय संबंध? आणि चांदव्याला खाणाराही त्याच वाटेनं जातो. औषध नाही यावर."

बोलता बोलता डॉक्टरांचं लक्ष पिंजऱ्यात गेलं. साहेब उठायला बघत होते आणि स्वतःच्याच पंखावर कोलमडत होते. तोच पंख, जो डॉक्टरांनी जीव ओतून जुळवला होता.

"मावशी, यांना खायला काय घातलंत?"

मावशींनी सांगितलं. आवाज इतका बारीक, की डॉक्टरांना वाकून ऐकावं लागलं.

पाइपचं पाणी फरशीभर पसरलं होतं. डॉक्टर त्या ओल्यातच त्यांच्याशेजारी उकिडवे बसले.

"मनाला लावून घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "मागच्या आठवड्यात सोडलं असतं, तरी तळ्यावर जाऊन यांनी चांदवेच खाल्ले असते."

मावशींनी साहेबांना टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं. एरवी बोट जवळ नेलं तरी चोच उगारणारा पक्षी, आज मुकाट पडून राहिला.

"नाही हो डॉक्टर," त्या म्हणाल्या. "चांदव्याला ते चोचसुद्धा लावत नव्हते. माशाच्या पोटात लपवून लपवून मीच भरवला."