विभूतीची डबी

लेकीला सांगून आलेला मुलगा कोल्हापुरात हॉटेल मॅनेजर होता. माणसांना कसं वागवतो, हे गुपचूप बघायला नागाप्पांनी त्याच्याच हॉटेलात रूम बुक केली; घरी सांगितलं, बिद्रीला चाललोय. काउंटरवरची मुलगी हसली. "काका, त्याच पैशात तुम्हाला मोठी रूम दिलीय." नागाप्पांच्या कपाळाला आठी पडली. फुकट कोण देतंय? "का म्हणून?" "साहेबांनीच सांगितलंय की." म्हंजे ओळखलं! सासऱ्याला आत्तापासनंच लोणी! असला गोडबोल्या नकोच! पिशवी रूमवर टाकून ते रंकाळ्यावर गेले. परतून लिंगपूजेला बसताना ध्यानात आलं, विभूतीची डबी घरीच राहिली. तिच्याशिवाय पूजा न्हाय, पूजेशिवाय जेवण न्हाय. वैतागून उठले, तर टेबलावर डबी! झाकणाला पोचा पडलेली, त्यांचीच. तिरमिरीत घरी फोन लावला. ते बोलायच्या आतच बायको म्हणाली, "डबी इथंच राहिलेली बघून होणाऱ्या जावयाला फोन केला, तर त्यानं लगेच माणूस धाडून नेली. बिद्रीत मिळाली न्हवं?"